साध्या पाण्यातली मरळ

मी मरळ. इकडंतिकडं बघू नका, बोलतेय ती मीच, खाली पाण्यातून. नाव ऐकून ज्यांच्या तोंडाला पाणी सुटलं असेल त्यांनी ते आधी गिळून टाकावं. मी कालवणातली मरळ नाही, संशोधनातली आहे. जालना जिल्ह्यात माझ्याइतकी शिकलेली मरळ दुसरी सापडायची नाही, हे मी नम्रपणे सांगते. नम्रपणा मला नवीन आहे, पण प्रयत्न चालू आहेत.

माझा जन्म दुधना नदीच्या एका डोहातला. आम्हा मरळींत आईबाप पिल्लांना वाऱ्यावर सोडत नाहीत. आम्ही शेकडो भावंडं, अंगानं लालसर, घोळका करून पाण्याच्या वरच्या अंगाला हुंदडायचो आणि खालून आईबाप पहारा द्यायचे. बगळा आला की बाबा अशी उसळी मारायचे की बगळ्यालाच पळता भुई थोडी व्हायची. उसळीची खोड मला बाबांकडूनच आली. तिचं पुढं काय झालं ते सांगते, जरा दम धरा.

दुसरी खोड आमच्या सगळ्या जातीलाच आहे. पाण्यातला श्वास आम्हाला पुरत नाही. थोड्या थोड्या वेळानं वर येऊन तोंडभर हवा गिळावी लागते. बाकीचे मासे खाली राहतात, त्यांना माणसं कधी नीट दिसत नाहीत. मला मात्र लहानपणापासून माणसं बघायची सवय. कपडे धुणारी, म्हशी धुणारी, मोटारसायकली धुणारी, फवारणीचे पंप धुणारी. ही मंडळी स्वतःच्या घरी काही धुतात की नाही, असा प्रश्न मला पडायचा.

एके दिवशी हवा गिळायला वर आले ती थेट जाळ्यात आले. तिथून केशरबाईंच्या घमेल्यात. केशरबाई जालन्याच्या बाजारात मासे विकतात. मरळ पाण्याबाहेर बराच वेळ तग धरते, म्हणून ती जिवंत विकायची आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत कापायची, असा रिवाज आहे. घमेल्यात पाणी नावालाच. आम्ही एकमेकींच्या अंगावर पडून होतो आणि वरून बोटं यायची. "ही द्या. न्हाई, ती द्या. ती जाडी."

मग एक बाई आली. खांद्याला झोळी, हातात मोजायची पट्टी. तिनं जाड्या मरळींकडं बघितलंसुद्धा नाही. आम्हा मध्यम अंगाच्या पोरींना पट्टी लावून लावून निवडायला लागली. सोयरिकीला आल्यासारखी!

"ताई, मोठ्या सोडून ह्या बारक्या काहून घेऊन राह्यल्या?" केशरबाईंनी विचारलं.

"मला सगळ्या एका मापाच्या पाहिजेत. आणि जिवंत."

"साफ करून देऊ का?"

"नको, नको. साफ मीच करणार आहे," बाई पट्टीवर नजर ठेवूनच म्हणाली.

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी खुशीत होते. त्यात केशरबाईंनी नाव विचारलं आणि बाई म्हणाली, "संध्या मगरे." मगरे! नावातच मगर! आम्ही सगळ्या घमेल्याच्या तळाला चिकटलो. पण या मगरेबाईंनी आम्हाला स्वच्छ पाण्यानं भरलेल्या कॅनमध्ये ठेवलं, रिक्षात बसवलं आणि सबंध वाटभर कॅनला दोन्ही हातांनी धरून बसल्या. खड्डा आला की "हळू, भाऊ, हळू!" असं रिक्षावाल्याला ओरडायच्या. माझ्यासाठी कुणी रिक्षावाल्याला ओरडलं, असा तो पहिलाच प्रसंग.

संध्या मॅडम कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. मागच्या अंगाला त्यांची एक खोली आहे आणि तिथं चार काचेच्या टाक्या. तीन टाक्यांवर लाल कागद चिकटवलेला: "या पाण्यात काहीही टाकू नये." त्या तीन टाक्यांत मॅडम कपाशीवर फवारायचं औषध अगदी थेंब मोजून टाकायच्या. पहिल्या टाकीत जरासं, दुसरीत थोडं जास्त, तिसरीत त्याहून जास्त. चौथ्या टाकीवर कागद नाही आणि पाण्यात औषधही नाही. नुसतं साधं पाणी. त्या टाकीत मला टाकलं.

आता हे सगळं कशासाठी, तर मॅडमचं गाव कुंभार पिंपळगावच्या बाजूला. गावाला ओढा आहे. लहानपणी मॅडमचे वडील त्या ओढ्यात गळ टाकायचे आणि मॅडम काठावर बसून पाण्यात पाय हलवायच्या, म्हणून बोलणी खायच्या. त्या ओढ्यात तेव्हा मरळी होत्या. आता एकही नाही. पाऊस होतो, पाणी असतं, पण मासा नाही. गावात फवारणी झाली की लोक पंप घेऊन ओढ्यात उतरतात आणि खळखळ धुतात. मॅडमनी गावात जाऊन सांगून पाहिलं. लोक म्हणाले, पाणी तर नितळ दिसतंय, मासे गेले ते त्यांच्या कर्मानं. मॅडमला हे पुराव्यानं दाखवायचं होतं. किती औषधानं माशाचं काय होतं, तो किती वेळा हवा गिळायला वर येतो, कल्ले कसे हलतात, जेवतो की नाही, हे सगळं त्या टाक्यांसमोर स्टूल टाकून बघत बसायच्या. चहा गार व्हायचा. मग तो गार चहा पिऊन परत बघत बसायच्या.

आणि मी? माझ्याकडं यायच्या, एक नजर टाकायच्या आणि म्हणायच्या, "ठीक."

बस, एवढंच! शेजारी बॅटरीचा उजेड काय, भिंग काय, फोटो काय. आणि मला काय, ठीक. मी गिरक्या घेतल्या, शेपटीनं पाणी उडवलं, काचेला नाक लावून डोळे वटारले. ठीक. मला इतका राग यायचा की मी कोपऱ्यात तोंड करून बसायचे. तर त्यावरही ठीकच.

हसू नका, पण खरं सांगते, मला शेजारणींचा हेवाही वाटायचा आणि त्यांच्याकडं बघवायचंही नाही. तिसऱ्या टाकीतली माझ्याच घोळक्यातली होती. आम्ही एकाच डोहात वाढलो. ती आधी सारखी सारखी हवेला वर यायला लागली, मग वर येता येता तिरकी व्हायला लागली. मी काचेला टेकून तिला हाक मारायचे. तिला ऐकू जायचं नाही. मला फार वाईट वाटायचं. मॅडमलाही वाटत असावं, कारण त्या टाकीसमोरून उठताना त्या काचेवर क्षणभर हात ठेवायच्या.

एकदा मॅडमनी विद्यार्थ्यांना आणलं आणि माझ्यासमोर उभं करून म्हणाल्या, "ही टाकी नसेल तर बाकीच्या तीन टाक्यांना काही अर्थ नाही. ही धडधाकट आहे म्हणूनच त्या औषधानं आजारी पडल्या, असं आपण म्हणू शकतो. सगळी मोजणी हिच्यापासून सुरू होते."

आनंदानं मी अशी उसळले की डोकं झाकणावर आपटलं. म्हणजे इतके दिवस मी रुसले ते उगाच! मी तर सगळ्यांची पाटलीण निघाले. मी शेपटी फुलवून एक फेरी मारली. तेवढ्यात मॅडम पुढं म्हणाल्या, "शेवटी सगळ्यांची यकृतं काढून तपासायची. हिचंही."

मला यकृत आहे, हेच मला तेव्हा कळलं. आणि केशरबाईंकडचं ते 'साफ मीच करणार' सुद्धा त्याच वेळी कळलं. फेरी अर्धीच राहिली.

त्या खोलीत माझं मन जाणणारा एकच माणूस होता, अप्पाराव. प्रयोगशाळेचे शिपाई. सकाळी आले की आधी मला बोलायचे, मग झाडू घ्यायचे. "काय गं, तुला आज बी काहीच न्हाई? त्यांना औषध, तुला साधं पाणी. अन्याय हाय बघ तुझ्यावर." मी जोरजोरात तोंड उघडझाप करायचे. त्यांना वाटायचं मी होकार देतेय. तशी मी देतच होते.

तर खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा करतात, हे तुम्हाला सांगायला नको. शेतकरी नांगराची करतो, ड्रायव्हर गाडीची, आणि अप्पाराव प्रयोगशाळेची. त्याच दिवशी गावाकडची मंडळी जुन्या जालन्यात दसऱ्याच्या खरेदीला येणार होती, म्हणून मॅडमनी त्यांना जाता जाता टाक्या बघायला बोलावलं होतं. त्यांच्यात रखमाजी होते. गावात सगळ्यांत मोठी कपाशी त्यांची आणि शब्दही त्यांचाच चालायचा. ते म्हणाले होते, "डोळ्यानं दाखवा. पटलं तर वढ्यात एक बी पंप धुऊ देणार न्हाई. न्हाई पटलं, तर पुन्हा हा विषय काढायचा न्हाई." मॅडम त्या दिवशी इस्तरीची साडी नेसून आल्या होत्या. टाक्या पुसून, सगळं जागेवर लावून त्या पाहुण्यांना आणायला बसस्टँडवर गेल्या.

अप्पाराव आंघोळ करून, कपाळाला गंध लावून पूजेला लागले. सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू, तराजूला हळदकुंकू, फ्रिजला हळदकुंकू. चारी टाक्यांच्या काचांवर झेंडूच्या माळा. मग पाण्याची पूजा करायची म्हणून चिमूट भरली आणि थबकले. तीन टाक्यांवर लाल कागद. काहीही टाकू नये. अप्पाराव मॅडमचा शब्द कधी मोडत नाहीत. त्यांनी चौथीकडं पाहिलं. कागद नाही!

"घे बाई," ते हसून म्हणाले, "आज तुझा मान. त्यांचा वाटा बी तुलाच."

आणि चारी टाक्यांचं हळदकुंकू माझ्या टाकीत. वर अक्षता. वर नारळ फोडून त्याचं पाणी. वरून अत्तराचा एक थेंब. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! अखेर मलाही काहीतरी मिळालं! पाणी आधी पिवळं, मग केशरी, मग गुलाबी झालं. मी त्यात नाचले. लग्नात नवरीनंसुद्धा इतकं कुंकू बघितलं नसेल.

थोड्या वेळानं डोकं हलकं झालं. मग टाकी फिरायला लागली. आधी मला वाटलं हाही मानाचाच भाग असेल. कल्ल्यांत चुरचुरायला लागलं. वरची बाजू कोणती, खालची कोणती, काही कळेना. मी हवा गिळायला वर निघाले आणि तळाला जाऊन आपटले. एक डोळा झेंडूकडं, एक फरशीकडं, आणि मधून खोली गरगर फिरतेय. आणि खरं सांगू? सगळ्यात मोठी गंमत ही की मला हसूच येत होतं.

अशात पाहुणे आले. पुढं रखमाजी, मागं त्यांच्या मालकीण नंदाबाई, हातात बाजाराच्या पिशव्या, त्यांच्यामागं गावातले आणखी काहीजण. मॅडम उत्साहात सांगत होत्या, "आधी ही साध्या पाण्यातली बघा. म्हणजे धडधाकट मासा कसा असतो ते कळेल. मग औषधाच्या टाक्या बघू."

माळा इतक्या दाट की पाण्याचा रंगही कळेना; त्यांच्या फटीतून मी पाहुण्यांना दर्शन दिलं. पोट वर, तोंड वाकडं, गोल गोल.

मॅडम झटकन टाकीपाशी आल्या.

"बाई," रखमाजी वाकून बघत म्हणाले, "ही तर नाचून राह्यली."

मग त्यांनी बाकीच्या तीन टाक्या बघितल्या. तिथल्याही मरळी तिरक्या. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि शांतपणे म्हणाले, "औषधातली बी बिमार, साध्या पाण्यातली बी बिमार. मंग औषधाचा काय संबंध, सांगा बरं? मरळच नाजूक झाली असंल आजकाल."

बोलणं बिनचूक होतं. मॅडम टाकीची काच धरून उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा असा पडला की मला एवढं गरगरत असतानाही दिसला. कित्येक दिवसांचा गार चहा, ते स्टूल, ती शेजारीण, सगळं माझ्यामुळं वाया चाललं होतं. पाहुणे पिशव्या उचलायला लागले. मला काही सुचेना. कल्ले जळत होते. मी बाबांची उसळी मारली.

अप्पारावांनी पूजा करून झाकण अर्धवटच लावलं होतं. मी बाहेर! झेंडूची माळ गळ्यात घेऊन मी थेट नंदाबाईंच्या पिशवीत, दसऱ्याच्या नव्या कापडावर. एकच गोंधळ. कुणी म्हणे पकडा, कुणी म्हणे सोडा. पण नंदाबाई जुन्या जाणत्या. त्यांनी मला डोक्याच्या मागं असं गच्च धरलं की मला माझं भविष्य रश्शात दिसलं.

"काय झ्याक मरळ हाय वो," त्या म्हणाल्या, आणि मग हाताकडं बघून थांबल्या. "अगं माय! हिला कुंकू कुणी लावलं?"

त्यांचा तळवा लालभडक होता.

मॅडमनी झटकन मला साध्या पाण्याच्या बादलीत सोडलं आणि माळा बाजूला केल्या. टाकीतलं पाणी गुलाबी, तळाला अक्षता. अप्पाराव पुढं आले. हात जोडलेले.

"म्या टाकलं मॅडम. कागद लावलेल्या टाक्यांना हात बी न्हाई लावला. हिलाच रोज काही मिळत न्हाई म्हून... चिमूट चिमूटच टाकलं वो. भक्तीनं टाकलं." त्यांचे डोळे भरून आले.

आता मॅडम रागावणार, असं सगळ्यांना वाटलं. मॅडम स्टुलावर बसल्या. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. पण त्या हसत होत्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग नंदाबाई हसल्या, मग सगळी खोली. अप्पाराव तेवढे हात जोडून उभे.

"अप्पाराव, तुमची भक्ती मला कळते," मॅडम म्हणाल्या. "पण आता ही मरळ मोजणीत धरता येणार नाही. साध्या पाण्याची टाकी मला पुन्हा पहिल्यापासून लावावी लागेल." बोलता बोलता हसू ओसरलं. मग त्या रखमाजींकडं वळल्या. "तुमचं म्हणणं बरोबर होतं, काका. आज माझ्याकडं दाखवायला काही नाही."

रखमाजी हसत नव्हते. ते बादलीजवळ उकिडवे बसून माझ्याकडं बघत होते. मी एकदा तिरकी झाले, दोनदा झाले, मग सरळ झाले. वर येऊन हवा गिळली.

"कुंकू तर आपण कपाळाला लावतो," ते म्हणाले. "त्यानं असं व्हतंय?"

"कुंकवातल्या रंगानं झालं, की अत्तरानं, की आणखी कशानं, ते तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. पण त्या पाण्यातून काढलं आणि ही सरळ झाली, एवढं तुम्ही बघितलं."

"बघितलं." रखमाजींनी टोपी परत डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "ह्यानं चिमूट टाकली, ते बी देवाच्या नावानं. आन् आम्ही पंपच्या पंप खंगाळतो वढ्यात. ते तर इखारच हाय. डब्ब्यावर कवटी काढलेली असती." त्यांनी नंदाबाईंकडं पाहिलं. "आपली जनावरं तिथंच पाणी पितात."

"आन् मी हांडा तिथूनच भरती उन्हाळ्यात," नंदाबाई म्हणाल्या.

रखमाजी गुडघ्यावर हात टेकून उठले. "वढ्यापासून लांब, वरल्या अंगाला पंप धुवायची जागा करू. बाई, ती कशी करायची ते तुम्ही सांगा. आजपासून वढ्यात पंप बंद. म्या शब्द दिल्ता, तो दिला. आता मला ही मरळ द्या."

मी बादलीच्या तळाला जाऊन बसले. मरळ मागणारा माणूस मरळीचं काय करतो, हे मी केशरबाईंकडं पाहिलं होतं.

"कशाला?" मॅडमनीही जरा घाबरूनच विचारलं.

"वढ्यात सोडायला. ती जगली तर आम्ही सुधरलो."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. आता माझं यकृत त्यांच्या कामाचं राहिलं नव्हतं. माझ्या पोटात कुंकू गेलं होतं ना! मोजणीतून बाद झाले म्हणून वाचले. बाद होण्यात इतकं सुख असतं, हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?

पण लगेच नाही सोडलं हं. मॅडम ओढ्यावर आल्या, ठिकठिकाणचं पाणी बाटल्यांत भरून नेलं, पंप धुवायची जागा तयार झालेली बघितली, फवारणीचा हंगाम उलटू दिला, पाणी पुन्हा तपासलं. तोवर मी कॉलेजातल्या बादलीत निवृत्त आयुष्य काढलं. मग एका सकाळी मॅडम आणि अप्पाराव मला घेऊन गावी गेले. अप्पारावांनी नारळ आणला होता. त्यांनी तो काठावर, पाण्यापासून चांगला लांब फोडला आणि मॅडमला ओरडून सांगितलं, "पाण्यात काही टाकलं न्हाई बरं का! बघा, थेंब बी न्हाई!" आणि मला सोडताना कानात नाही, कल्ल्यात म्हणाले, "चुकलं बाई माझं." मला सांगायचं होतं की अप्पाराव, आजवर माझ्यासाठी एवढं कुणी केलं नाही. पण मी उसळी मारली आणि गेले.

आता हा ओढा माझं घर. कॉलेजात माझ्या जागी केशरबाईंकडची दुसरी मरळ आलीय म्हणे. तिलाही साधं पाणी मिळतंय, तिनं त्यातच समाधान मानावं. अप्पाराव आता तिच्याशी नुसतं बोलतात. चौथ्या टाकीवरही लाल कागद लागलाय.

मॅडम मधून मधून गावी येतात. काठावर बसतात आणि मी हवा गिळायला वर यायची वाट बघतात. पाण्यात पाय हलवत नाहीत. मी वर आले की म्हणतात, "ठीक." पूर्वी ज्या शब्दाचा मला इतका राग यायचा, तो ऐकायला आता मी मुद्दाम दोनदा वर येते.

परवा मात्र जीव टांगणीला लागला होता. कपाशीचा नवा हंगाम सुरू झालाय. भर दुपारी रखमाजी पाठीवर पंप घेऊन उतारावरून खाली आले. एकटे, घामानं निथळत. वर जायचा कंटाळा आला असेल, किंवा पायांना जुनी वाटच ठाऊक. ते पाण्याच्या कडेला बसले, पंप उतरवला, झाकणाला हात घातला. मी बरोबर त्यांच्या समोर तळाशी. पळून जावं तर सगळा ओढा एकच, पळणार कुठं? आणि त्यात माझी हवा संपत आली होती. श्वास रोखून रोखून किती रोखणार? शेवटी आले वर. तोंडभर हवा गिळली.

रखमाजींचा हात झाकणावरच राहिला.

"हाय व्हय तू अजून," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. मग त्यांनी झाकण परत घट्ट बसवलं, पंप पाठीला लावला आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी तो चढ चढायला लागले.

बाबांनो, बायांनो, माझी जात दाट गढूळ पाण्यातही तगते, पण तुम्ही त्यात काय ओतता ते मला निवडता येत नाही. तुम्ही कुठल्याही ओढ्याच्या काठी काही धुवायला, ओवाळायला, ओतायला वाकाल, तेव्हा हात घालायच्या आधी क्षणभर थांबा. खालून कुणीतरी हवेला वर येतंय का, बघा. आलं तर त्याला म्हणा, "ठीक." फार बरं वाटतं ऐकायला.

चला, हवा संपली. येतेय मी वर.